मारिओची मिशी, ठोकळा ठोकळा मोजून

नमस्कार श्रोतेहो.

आमच्या घरी टीव्हीशेजारी जेमतेम तेरा सेंटिमीटर उंचीचा एक मारिओ उभा आहे. दुकानातून आणलेला नाही. माझ्या भाचीनं आणि मी मिळून लेगोच्या सुट्या ठोकळ्यांतून तो जोडलाय. आज त्याच्याविषयीच बोलणार आहे.

मारिओ ज्याचा नायक आहे, तो ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा व्हिडिओ गेम जपानच्या निन्टेन्डो कंपनीनं १९८५ साली आणला. आपल्याकडे माझ्या पिढीला तो नव्वदच्या दशकात भेटला, टीव्हीला जोडायच्या कॅसेटवाल्या गेममधून. कॅसेट लागली नाही की बाहेर काढायची, जोरात फुंकर मारायची, पुन्हा खोचायची. तुमच्यापैकी कित्येकांनी ती फुंकर मारली असेल. तेव्हा पडद्यावरचा तो छोटा मारिओ किती ठिपक्यांचा आहे, हे मोजावंसं कधी वाटलं नव्हतं. तो बारा ठिपके रुंद आणि सोळा ठिपके उंच आहे. रंग तीनच: लाल, तपकिरी आणि कातडीचा.

भाचीनं चौकटीच्या वहीत तो ठिपका ठिपका उतरवून घेतला. टोपीची पहिली ओळ पाच घरांची, दुसरी नऊ घरांची. डोळा म्हणजे एकाखाली एक दोन तपकिरी घरं. मिशीची खालची ओळ चार घरांची. आम्हाला वाटलं, आता काय, रचायलाच बसू.

इथे गाडी अडली. लेगोचा सगळ्यात लहान चौकोनी ठोकळा आठ मिलिमीटर रुंद असतो, पण त्याची चपटी प्लेट असते फक्त ३.२ मिलिमीटर जाड. आम्ही प्लेटा एकावर एक चढवत सोळा ओळी पुऱ्या केल्या आणि मारिओ झाला साडेनऊ सेंटिमीटर रुंद, पाच सेंटिमीटर उंच. “मामा, कुणी तरी बसलं याच्यावर,” भाची म्हणाली. मग पूर्ण उंचीचे ठोकळे घेतले. तो ठोकळा ९.६ मिलिमीटरचा, तीन प्लेटांएवढा. आता मारिओ लांबोळका झाला.

यावर मुरलेले लोक काय करतात ते मी नंतर शिकलो. पाच प्लेटांची उंची होते सोळा मिलिमीटर, म्हणजे बरोबर दोन ठोकळ्यांची रुंदी. ठोकळे एकमेकांत अडकतात ते गोल उंचवटे एरवी वर असतात, पण ते बाजूला असलेले खास ठोकळेही मिळतात. ते वापरून अर्धं काम आडवं फिरवायचं, की मापं जुळतात. मला तो हिशेब फार सुंदर वाटतो. आम्ही मात्र सोपी वाट धरली. सोळा बाय सोळाची एक मोठी प्लेट घेतली, तिच्यावर समोरून एकेक चौकोन बसवला. एक ठिपका, एक चौकोन. मिशीचे चार बसले आणि तो एकदम मारिओ दिसायला लागला. तोवर नुसते रंग होते.

ती मिशीसुद्धा अडचणीतून आलेली आहे. मारिओ पहिल्यांदा दिसला १९८१ च्या ‘डाँकी काँग’ या खेळामध्ये. इतक्या कमी ठिपक्यांत तोंड काढायला जागा नव्हती, म्हणून त्याचे निर्माते शिगेरू मियामोतो यांनी मोठं नाक आणि मिशी दिली. केस काढणं अवघड, म्हणून टोपी. ठोकळे हातात घेऊन बसलं की माणूस त्याच अडचणीशी येऊन थांबतो, म्हणून हे काम मला नुसती नक्कल वाटत नाही.

जगभर हजारो लोक हे करतात, आणि काहींचं काम कंपनीपर्यंत पोचतं. लेगोच्या ‘आयडियाज’ उपक्रमात चाहत्याच्या कल्पनेला दहा हजार लोकांचा पाठिंबा मिळाला की कंपनी तिचा विचार करते. ‘सॉनिक’ या व्हिडिओ गेममधल्या ग्रीन हिल झोनचा, म्हणजे हिरव्या टेकड्यांच्या टप्प्याचा देखावा ब्रिटनमधल्या एका चाहतीनं सुचवला होता. जानेवारी २०२२ मध्ये त्याचा ११२५ तुकड्यांचा संच बाजारात आला. निवड झालेल्या चाहत्याला निव्वळ विक्रीचा एक टक्का मिळतो. टक्का थोडा वाटेल, पण आपण घरी जुळवलेली टेकडी अनोळखी पोराच्या हातात जाते, याचं मोल मला जास्त वाटतं.

आमचं काम अजून संपलेलं नाही. मारिओमागे ढग हवा, म्हणून भाचीनं तो वहीत उतरवला. पुढच्या पानावर झुडूप काढताना ती मध्येच थांबली, दोन्ही पानं उजेडाला धरली आणि एकावर एक ठेवली. ढगाचा वरचा भाग आणि झुडूप, ठिपक्याला ठिपका तेच! अख्खा खेळ चाळीस किलोबाइटमध्ये बसवायचा होता, म्हणून करणाऱ्यांनी एकच चित्र दोनदा वापरलं, वर पांढरं, खाली हिरवं. इतकी वर्षं मी त्या झुडपांवरून उड्या मारल्या, मला ते दिसलं नव्हतं. ती मात्र लगेच डबा उपडा करून हिरवे तुकडे निवडायला बसली.