घाटात पेटती, बीडात विझती

(दृश्य : डॅशबोर्ड, चावी ऑन, पिवळी लाईट)

ही बघा, पिवळी, इंजिनाच्या चित्राची, चेक इंजिन लाईट. चावी ऑन केली की ती सगळ्याच गाड्यांत पेटती आन् इंजिन चालू झालं की विझती, तिथपर्यंत काही टेन्शन नाही. टेन्शन तेव्हा, जेव्हा ती रस्त्यात मधेच पेटती, आन् खरी डोकेदुखी तेव्हा, जेव्हा मेकॅनिकच्या दारात गाडी लावेपर्यंत ती आपोआप विझलेली असती, मग मेकॅनिक म्हणतो कुठंय लाईट, आन् गाडीवाला म्हणतो अहो आत्ता होती की. कायम पेटून राहिलेली लाईट परवडली, निदान ती समोर तर असती.

ही गाडी डिझायर, डिझेल, एमएच २३ पासिंग म्हणजे बीडची. बीड, मांजरसुंबा, केज, अंबाजोगाई असं भाडं मारती, आन् भाडं जास्त करून दवाखान्याचं, कारण अंबाजोगाईला मेडिकल कॉलेजचा मोठा सरकारी दवाखाना आहे आन् आजूबाजूच्या खेड्यातला पेशंट तिकडंच जातो. पेशंट मागच्या सीटवर झोपवलेला, नातेवाईक दाटीवाटीनं बसलेले, आन् घाटात लाईट पेटून गाडीनं गचका खाल्ला तर ड्रायव्हरचं काय होत असेल ते बघा.

ह्या गाडीचं पहिलं इंजिन उन्हाळ्यात गेलं. होज फुटला, कूलंट सांडलं, आन् गाडी गरम झालेली दिसत असताना मालकानं गाव जवळच आहे म्हणून तशीच ओढली. हेड वाकलं, इंजिन जाम. नवीन करायचा खर्च ऐकून त्यानं जुनं, चालू कंडिशनचं इंजिन आणून बसवायचं ठरवलं, आन् त्यात चूक काही नाही, आपल्याकडं सर्रास चालतं. हे १२४८ सीसीचं इंजिन मुळात फियाटच्या डिझाईनचं, मारुतीनं वापरलं, टाटानं वापरलं, फियाटनं स्वतः तर वापरलंच. मारुतीनं २०२० मधे बीएस-६ लागू झाल्यावर डिझेल बंद केलं तरी रस्त्यावर ह्या इंजिनाच्या गाड्या इतक्या आहेत की जुन्या बाजारात ते अजून मिळतं.

पण एक गोष्ट. ब्लॉक सारखा असला म्हणून सगळं सारखं असतं असं नाही. सेन्सर वेगळे असू शकतात, कपलर म्हणजे वायरींचे जोड वेगळे असू शकतात, आन् बऱ्याच कॉमन रेल (म्हणजे सगळ्या इंजेक्टरना जास्त प्रेशरचं डिझेल देणारी एकच नळी) इंजेक्टरवर प्रत्येकाचा वेगळा कोड छापलेला असतो, तो ईसीएमला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, स्कॅनरनं भरून द्यावा लागतो, नसता ईसीएम जुन्या इंजेक्टरच्याच हिशोबानं डिझेल मारत राहतो. ह्या गाडीत ते कोड भरलेले होते, तपासून घेतलं, म्हणून तो विषय इथंच सोडतो.

(दृश्य : गॅरेज, बोनेट उघडं)

इंजिन बसलं, गाडी मस्त चालायली, आन् मग लाईट सुरू झाली. मांजरसुंब्याच्या घाटात पेटायची, एक गचका, कधी पिकअप गायब, मग पुन्हा नीट. बीडात रिकामी फिरवली तर काहीच नाही. ज्या गॅरेजनं इंजिन बसवलं तिथं दरवेळी एकच इलाज, स्कॅनर लावायचा, ईसीएमनं नोंदवलेले फॉल्टचे कोड डिलीट, जा आता. सल्ले तर फुकटच असतात, कोणी म्हणालं डिझेलमधे पाणी, कोणी म्हणालं रेलचा सेन्सर बदल, तो नवीन टाकला, फरक शून्य. आन् एकजण तर म्हणाला त्या लाईटचा मीटरमधला बल्बच काढून टाक की! हसू नका, जुनी गाडी घेताना चावी ऑन करून ही लाईट पेटती का ते आधी बघत जा, पेटतच नसेल तर कुणीतरी हे आधीच करून ठेवलेलं असू शकतं.

शेवटी गाडी आली चाचांकडं. जालना रोडला एका गाळ्यात फक्त वायरिंगचं काम करतात, नाव सांगू नका म्हणाले, सगळं बीड चाचाच म्हणतं तर आपणही चाचाच म्हणू. मालकानं सवयीनं सांगितलं, चाचा तेवढे कोड उडवून द्या. चाचा म्हणाले, "उडवायचं नाव काढू नको. त्यातच तर सगळं लिहिलेलं असतंय. तू दर वेळेला पुसून यायलास, मग मी वाचू काय?"

हे नीट समजून घ्या कारण इथंच जास्तीत जास्त लोकांचे पैसे बुडतात. बरेच फॉल्ट असे असतात की ते सलग दोन ट्रिपांत (ट्रिप म्हणजे इंजिन चालू करून, गाडी चालवून, बंद करेपर्यंत) दिसले तरच लाईट पेटती, पहिल्या वेळेला कोड नुसता पेंडिंग म्हणून आत बसतो. आन् नंतर सलग तीन ट्रिपा फॉल्ट दिसला नाही तर लाईट विझती, पण कोड लगेच जात नाही, इंजिन चाळीसेक वेळा थंडचं गरम होईपर्यंत तो आत राहतो. म्हणजे लाईट विझली म्हणून गाडी बरी झाली असं नाही. आन् कोडसोबत अजून एक चीज सेव्ह होती, फ्रीझ फ्रेम, म्हणजे फॉल्ट पडला त्या क्षणाला आरपीएम किती, स्पीड किती, इंजिन किती गरम, लोड किती, त्याचा फोटोच समजा. डिलीट मारलं की हा फोटोही गेला.

मग चाचांनी मालकाला काहीही न करता तसंच घाटात पाठवलं, लाईट पेटली की बंद न करता परत ये म्हणून. आली. तीन कोड निघाले. पी-०१९० म्हणजे रेल प्रेशर सेन्सरच्या सर्किटचा, पी-०३३५ म्हणजे क्रँक सेन्सरच्या (इंजिन किती फिरतंय ते सांगणाऱ्या) सर्किटचा, आन् पी-२१३८ म्हणजे एक्सलरेटर पेडलच्या दोन सिग्नलांचा मेळ बसत नाही. आता पेडल गाडीच्या आत ड्रायव्हरच्या पायाखाली, बाकीचे दोन सेन्सर इंजिनावर, ह्यांचा एकमेकाशी संबंध काय?

"तीन गावचे तीन चोर," चाचा म्हणाले, "एकाच रात्री एकाच घरात कसे सापडतेत? कुणीतरी दार उघडं ठेवलंय."

फ्रीझ फ्रेम बघितली तर इंजिन पूर्ण गरम, आरपीएम कमी, लोड भरपूर. म्हणजे तिसऱ्या गिअरला भरलेली गाडी चढ ओढायली. आता अशा वेळेला बोनेटखाली काय होतं? इंजिन हलतं. ते रबरी फाउंडेशनवर बसलेलं असतं, आन् जोर लागला की एका अंगाला कलतं. बॉडी जागेवर, इंजिन कललेलं. मग ह्या दोघांच्या मधे जे काही जोडलेलं आहे ते ताणलं जातं, होज, वायरिंग, आन् अर्थिंगची पट्टी, म्हणजे इंजिनाला बॅटरीच्या मायनसशी जोडणारी. इंजिन बदलताना नेमकं हेच सगळं सोडून पुन्हा जोडलेलं असतं.

(दृश्य : मल्टिमीटर, क्लोज-अप)

ही टेस्ट घरी कुणालाही करता येती, साधा मल्टिमीटर पाहिजे, डीसी व्होल्टवर. लाल पिन इंजिनाच्या उघड्या लोखंडावर, काळी पिन बॅटरीच्या मायनसवर, इंजिन चालू, हेडलाईट आन् ब्लोअर फुल. चांगल्या अर्थिंगला इथं जवळपास शून्य दिसायला पाहिजे, सेल्फ मारतानासुद्धा ०.२ व्होल्टच्या वर जाऊ नये. इथं निवांत उभ्या गाडीत ०.०५ आलं, एकदम भारी, इथंच बरेच जण मीटर ठेवून देतात. चाचांनी मालकाला आत बसवलं, हँडब्रेक ओढला, ब्रेकवर पाय, पहिला गिअर टाकून क्लच थोडासा सोड म्हणाले. (गाडीच्या समोर आन् मागं कुणालाही उभं राहू देऊ नका, पोरं तर अजिबात नाही.) इंजिन कललं आन् मीटर ०.०५ वरून ०.६ वर गेलं. क्लच दाबला, परत ०.०५. पुन्हा सोडला, पुन्हा ०.६.

बॅटरीच्या बाजूनं इंजिनाकडं येणारी पट्टी खोलली. आन् बोल्टाच्या खाली काय, तर चंदेरी रंग. इंजिन विकणारानं ते चकाचक दिसावं म्हणून आख्ख्या ब्लॉकला स्प्रे मारलेला, आन् बसवणारानं त्याच रंगावर पट्टी कसलेली. रंगातून करंट जात नसतो, त्यामुळं सगळं कनेक्शन बोल्टाच्या आट्यांतून कसंबसं चालायलं होतं. त्यात पट्टी ह्या जागेला तोकडी पडायली, म्हणून इंजिन कललं की बोल्टाला ओढ.

तुम्ही म्हणाल अर्ध्या व्होल्टानं काय फरक पडतो, बॅटरी तर १२ व्होल्टची आहे. पण सेन्सर १२ व्होल्टवर बोलत नाहीत. रेल प्रेशरचा सेन्सर साधारण अर्ध्या व्होल्टापासून साडेचार व्होल्टापर्यंत सिग्नल देतो, म्हणजे समजा ४ व्होल्टात १६०० बार मोजायचे, तर एक दशांश व्होल्ट इकडचं तिकडं झालं की ईसीएमला ४० बारचा फरक दिसतो. आन् अर्थिंग कमजोर पडलं की अल्टरनेटरचा आन् बाकीचा मोठा करंट परत यायला दुसरा रस्ता शोधतो, सापडेल त्या बारीक वायरीतून, सेन्सरच्या शिल्डमधून. त्या गोंधळात कोण खरं बोलायलंय ते ईसीएमला कळत नाही, तो तिघांच्याही नावानं कोड टाकून मोकळा. सेन्सर बिचारे तिन्ही चांगले होते, रेलचा नवा सेन्सर घेतला तो उगंच.

पॉलिश पेपरनं रंग खरवडून चकचकीत लोखंड काढलं, पट्टी लांब आन् जाड टाकली, वॉशर नवा, वरून थोडं ग्रीस म्हणजे गंज धरणार नाही. तीच टेस्ट परत, इंजिन कलवलं तरी ०.०४. कोड वाचून झालेले, म्हणून आता ते डिलीट केले.

इथं व्हिडिओ संपला असता. पण गाडी केजच्या अलीकडं एका स्पीड ब्रेकरवर आदळली आन् लाईट पुन्हा हजर.

चाचा चिडले नाहीत, उलट खूष, कारण ह्या वेळेला कोड एकच होता, पी-०३३५, क्रँक सेन्सर. बाकीचे दोन आलेच नाहीत. आता शोधायची जागा केवढीशी राहिली बघा. इंजिन चालू ठेवलं आन् क्रँक सेन्सरकडं जाणारी वायरिंग हातानं हळूहळू हलवत गेले, टोकापासून, दर वितीला थांबत. कान इंजिनाकडं. स्क्रीनवर आरपीएमचा आकडा उशिरा बदलतो, त्याआधी इंजिन स्वतः खोकतं. कपलरपाशी बोट लागलं आन् खोकलं.

(दृश्य : कपलर, हातात)

कपलरचं प्लास्टिकचं लॉक तुटलेलं, काढताना तुटलं असणार, जुनं प्लास्टिक उन्हानं आन् इंजिनाच्या गरमीनं पापडासारखं होतं. कुणीतरी त्यावर केबल टाय आवळलेला, बाहेरून एकदम टाईट. आतली पिन मात्र पसरलेली. चाचांनी समोरच्या पिनच्या जाडीची सुटी पिन घालून बघितली, ती सरकन गेली आन् सरकन बाहेर आली, पकडच नाही. मीटर लावला असता तर चांगलंच दाखवलं असतं, धक्का बसल्याशिवाय ती सुटत नव्हती. जुन्या वायरिंगमधून त्याच जातीचा कपलर काढला, पिना नव्या क्रिंप केल्या, आन् वायर ब्रॅकेटच्या मागून घेतलेली होती ती पुढून घेतली, तेवढी ढील मिळाली.

आता हा कोडही डिलीट केला. गाडीत चार माणसं, डिकीत सामान, मांजरसुंब्याचा घाट, समोर उसाची डबल ट्रॉली, म्हणजे आपोआपच दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला रांगत जायचं. स्कॅनर लावलेलाच होता. वर पोचल्यावर पेंडिंगमधे बघितलं, रिकामं. पुढचे काही दिवस अंबाजोगाईची भाडी झाली, मग मालक पुन्हा येऊन पेंडिंग बघून गेला, तेव्हाही रिकामं.

निघताना चाचांनी विचारलं, इंजिन नंबर आरसीवर चढवला का. मालक गप्प. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२, इंजिन बदललं की आरटीओकडं नोंद लागती, त्याच जातीचं टाकलं तरी, त्यासाठी इंजिनाचं बिल आन् ते कुठल्या गाडीतून निघालं त्याचे कागद पाहिजेत. विम्यालाही कळवावं लागतं, नसता अपघाताच्या क्लेमला तिथं नंबर जुळत नाही म्हणून अडकवतात. भाड्याची गाडी, त्यात पेशंट. "कागद त्या इंजिनवाल्याकडंच राहिलेत," मालक म्हणाला. चाचांनी बिल लिहायचं थांबवून खिशातला फोन काढून त्याच्या हातात दिला, "लाव त्याला आत्ताच, माझ्यासमोर लाव."