दुकानांच्या डोक्यावर घरे

बडोद्याच्या पश्चिमेला, भायलीच्या बाजूस उभ्या राहत असलेल्या या इमारतीत तळाशी दुकाने, त्यांच्यावर कार्यालये आणि त्याहून वर राहती घरे असतील. खाली पेढी आणि वर बिऱ्हाड ही रचना या शहराला नवी नाही. मांडवी-रावपुऱ्यातील जुन्या घरांत ती पिढ्यानपिढ्या चालत आली. त्या घरांत मात्र वरचा खांब बहुधा खालच्या खांबावरच टेकलेला असे आणि छपराचे वजन सरळ जोत्यापर्यंत उतरे. इथे तसे होत नाही. दुकानांना खांबांमध्ये ऐसपैस अंतर लागते, बेसमेंटमध्ये मोटारी वळवायच्या असतात, आणि घरांचे खांब खोल्यांच्या मापाने जवळजवळ येतात.

आता दिसतो आहे तो मजला हा पेच सोडवतो. साइटवर त्याला ट्रान्सफर स्लॅब म्हणतात. घरांचे जे खांब खाली नेता येत नाहीत, त्यांचा भार इथल्या अवजड तुळया आपल्या अंगावर घेतात आणि दुकानांमधल्या मोजक्या खांबांकडे सोपवतात. या सांध्यात सळ्यांची दाटी एवढी आहे की काँक्रीट थरथरवून दाट बसवणाऱ्या व्हायब्रेटरची सुई आत घालायलाही जागा शोधावी लागते. ती नीट पोहोचली नाही, तर काँक्रीटमध्ये पोकळ्या राहतात आणि बाहेरून केलेला गिलावा त्या झाकून टाकतो. विक्रीच्या माहितीपत्रकात या मजल्याचा उल्लेख क्वचितच सापडतो. आमच्या मते घर घेणाऱ्याने पोहण्याच्या तलावाआधी याची चौकशी करावी.

मे महिन्यात बडोद्याचा पारा चाळिशी ओलांडतो आणि जाड तुळयांत सिमेंटची स्वतःची उष्णताही कोंडून राहते. आतला भाग तापलेला आणि पृष्ठभाग निवलेला, हा फरक वाढला की तडे जातात. म्हणून काँक्रीट शक्यतो रात्री ओततात, मिश्रणाच्या पाण्याचा काही भाग बर्फाच्या रूपात घालतात आणि सिमेंटच्या काही वाट्याऐवजी फ्लाय अ‍ॅश, म्हणजे कोळशाच्या वीजकेंद्रातली बारीक राख, वापरतात. याच काँक्रीटचे १५० मिलिमीटरचे घन भरून, त्यांवर तारीख आणि मजला लिहून, ताकद तपासण्यासाठी ते ७ आणि २८ दिवसांनी यंत्राखाली फोडले जातात. २८ दिवसांचा निकाल हाती येईपर्यंत वर आणखी मजले चढलेले असतात, ही या कामातली खरी मेख आहे.

२६ जानेवारी २००१ च्या भूकंपात अहमदाबादेत ज्या इमारती कोसळल्या, त्यांपैकी अनेकींच्या तळमजल्यावर पार्किंगसाठी नुसतेच खांब होते आणि भिंती वरच्या मजल्यांवर होत्या. तळ मोकळा आणि माथा जड, हा धोका दुकानांच्या मजल्यालाही असतो. म्हणूनच लिफ्ट आणि जिन्याभोवतीच्या काँक्रीटच्या भिंती पायापासून गच्चीपर्यंत कुठेही न तोडता नेल्या आहेत. त्यांत ऐनवेळी दार काढण्याची मागणी आली, तर ती नाकारणेच योग्य.

उरला प्रश्न पाण्याचा. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचे पाणी शहरात शिरले, तेव्हा सखल भागांत तळघरे आणि तिथे उभ्या असलेल्या मोटारी बुडाल्या. इथे ट्रान्सफॉर्मर आणि जनरेटर बेसमेंटमध्ये न ठेवता पोडियमवर, म्हणजे इमारतीच्या खालच्या रुंद भागावर, चढवण्याचे ठरले आहे. त्यात दुकानांची मोक्याची जागा जाते. पण वीज गेली की लिफ्ट आणि पाण्याचे पंप दोन्ही थांबतात, आणि त्याची झळ सर्वांत आधी वरच्या मजल्यांवरील वृद्धांना बसते.

काम टप्प्याटप्प्याने सोपवले जाणार आहे. दुकाने आधी उघडतील आणि त्या वेळी वरच्या मजल्यांवर दाहोद, पंचमहाल, झाबुआकडून आलेले मजूर अजून शटरिंग, म्हणजे काँक्रीटचे साचे, खोलत असतील. त्यामुळे ग्राहकांच्या दारावर भक्कम छत, मालाच्या ट्रकसाठी वेगळे फाटक आणि क्रेन कोणत्या बाजूने माल उचलणार याची मर्यादा, या तीन गोष्टी पहिले दुकान उघडण्यापूर्वीच ठरवाव्या लागतील.