शिलालेखापुढचा अर्धा तास

(नाशिक येथील व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, सहलीच्या कार्यक्रमात देवळाला तास असतो, बाजाराला दोन तास असतात, शिलालेखाला मात्र काहीच नसतं. 'इथं जुन्या लिपीत काहीतरी लिहिलंय' असं सांगून गाईड पुढे निघतो आणि सगळे त्याच्या मागे. देशात फिरा नाहीतर परदेशात, लेखापुढे अर्धा तास थांबा, एवढंच आज सांगायचं आहे. त्या थांबण्याची तालीम नाशिककरांना घरच्या घरी, पांडवलेण्यांत करता येते.

लेणं क्रमांक १० घ्या. क्षत्रप, म्हणजे शक राज्यकर्ता, नहपान याचा जावई उषवदात याचं हे दान. ओसरीत, खोलीच्या दारावर लेख आहे आणि तो चक्क ठेवीची पावती आहे. ३,००० काहापण, म्हणजे त्या काळची नाणी, गोवर्धनातल्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यवसाय-संघांकडे ठेवले. एका श्रेणीकडे २,०००, दरमहा शेकडा एक व्याजानं. दुसरीकडे १,०००, शेकडा पाऊण व्याजानं. हा 'पाऊण' मी माझ्या पदरचा घालत नाही. लेखात 'पायूनपडिकसत' असा शब्द आहे, म्हणजे पाव उणा, आपला पाऊण! पुढे वीस भिक्षूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी बारा, 'भिखूनं वीसाय', 'चिवरिक बारसक'. आता हिशोब करा. २,००० वर शेकडा एक म्हणजे महिन्याला २०, वर्षाला २४०. वीस भिक्षू गुणिले बारा, तेही २४०. पै न् पै जुळते. मुद्दल परत द्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं, असंही बजावलं आहे. गोवर्धन हे नाव गंगापूरच्या बाजूला गावाला आजही आहे. तिथून रोज येणाऱ्या-जाणाऱ्यांनी हा लेख एकदा तरी डोळ्यांखालून घालावा, असं मला फार मनापासून वाटतं.

त्यात आकडे कसे शोधायचे तेही सांगतो. तीन हजार ही रक्कम आधी शब्दांत आहे आणि लगेच पुढे चिन्हात, आपण चेकवर लिहितो तशी. वर्ष ४२ आहे, पण तिथं चारापुढे दोन सापडणार नाही. त्या पद्धतीत स्थानावरून किंमत ठरत नव्हती. चाळीसचं एक स्वतंत्र चिन्ह, मग दोनच्या दोन आडव्या रेघा. नाणेघाटातल्या सातवाहन लेखातही आकडे याच रीतीनं मांडले आहेत. या लेखांची लिपी ब्राह्मी, ती सगळी यायला हवी असं नाही. क म्हणजे अधिकचं चिन्ह, ठ म्हणजे गोल, न म्हणजे आडव्या पायावर उभी काठी, आणि सुरुवातीला बहुधा 'सिधं', म्हणजे सिद्धम्, हा मंगल शब्द. एवढ्यावर पहिल्या दिवशीचं काम भागतं.

आता उजेड. नव्वद टक्के लोक इथंच चुकतात. मोबाइलचा फ्लॅश समोरून पडतो, खाचेत सावली राहत नाही आणि अक्षर सपाट होऊन जातं. फ्लॅश बंद करा. सोबत्याला टॉर्च घेऊन भिंतीच्या कडेला उभं करा. झोत दगडाला जवळजवळ समांतर, घासून गेल्यासारखा पडला पाहिजे. आधी बाजूनं, मग वरून, असे दोन वेगळे फोटो घ्या. उभ्या रेघेची सावली बाजूच्या उजेडात पडते, आडवीची वरच्या. एकाच फोटोवर विसंबलात तर अर्ध्या रेघा हातच्या जातात. खालून मात्र उजेड टाकू नका. उजेड वरूनच येतो असं डोळा धरून चालतो, त्यामुळे कोरलेलं अक्षर उठावाचं भासायला लागतं. रेघ की भेग, हे ओळखायचं असेल तर तिचं टोक पाहा. छिन्नीची रेघ ठरावीक जागी थांबते. भेग एका अक्षरातून दुसऱ्यात शिरते आणि जाड-बारीक होत जाते.

फोटोंचा क्रम असा ठेवा: पहिला आख्ख्या भिंतीचा, मग डावीकडून उजवीकडे तुकडे, प्रत्येक तुकड्यात मागच्याची दोन-तीन अक्षरं आलीच पाहिजेत. नाहीतर घरी आल्यावर ओळी जुळत नाहीत. पट्टी चौकटीत दिसू द्या, पण दगडाला टेकवू नका. वहीत लेण्याचा क्रमांक, भिंत, ओळींची संख्या आणि वेळ तिथल्या तिथे लिहा. कागद भिजवून ठसा घेणं हे परवानगी असलेल्या जाणकारांचं काम आहे, त्या वाटेला आपण जायचं नाही.

आणि खडू! अक्षरं उठून दिसावीत म्हणून खडू फिरवण्याची खोड जगभर आहे. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधला रोझेटा दगड बघा. इजिप्तमध्ये १७९९ साली सापडलेला. वर चित्रलिपीच्या १४ ओळी, मधे डेमोटिकच्या, म्हणजे इजिप्तच्या रोजच्या वापरातल्या लिपीच्या ३२, खाली ग्रीकच्या ५४. त्याच्या अक्षरांत पांढरा रंग भरला होता, वर मेणाचा थर होता, आणि लोक तो काळा बेसाल्ट समजत. १९९९ मध्ये साफ केल्यावर खरा राखाडी दगड आणि त्यातली गुलाबी शीर दिसली. डाव्या खालच्या कोपऱ्यात एक छोटा चौकोन मुद्दाम न पुसता ठेवला आहे. गेलात तर आधी तो कोपरा शोधा. दगड काचेत आहे, तेव्हा गडद कपडे घाला आणि कॅमेरा काचेच्या अगदी जवळ धरा, म्हणजे स्वतःचं प्रतिबिंब येत नाही.

रोममध्ये सम्राट ट्राजनच्या स्तंभाच्या चौथऱ्यावरच्या लेखात वरच्या ओळींची अक्षरं खालच्यांपेक्षा किंचित मोठी आहेत. खालून पाहणाऱ्याला ती सारखी दिसावीत, ही कोरणाऱ्याची काळजी. इराणात बेहिस्तूनला सम्राट दारयवहुचा (डरायसचा) लेख रस्त्यापासून इतका उंच कड्यावर आहे, की दुर्बीण नसेल तर नुसता डोंगर बघून परत यावं लागतं. आणि दक्षिणेत फिरताना श्रवणबेळगोळला गोमटेश्वराच्या पायांपाशी थांबा. 'श्रीचावुण्डराजें करवियलें'. कर्नाटकात, पण मराठी, तीही आजच्या शाळकरी मुलाला उमगेल अशी! तंजावरच्या बृहदीश्वरात भोसल्यांचा इतिहास सांगणारा १८०३ चा मराठी लेख आहे. त्याला अर्धा तास पुरायचा नाही, निम्मी सकाळ ठेवा.

पांडवलेण्यांतून उतरण्याआधी १७ क्रमांकाचं लेणं चुकवू नका. 'ओतराहस दंतामितियकस योणकस धंमदेवपुतस इंद्राग्निदतस'. प्रत्येक शब्दाच्या शेवटी 'स', तो षष्ठीचा, आपल्या 'चा'सारखा. उत्तरेकडचा, दंतामितीचा, यवन म्हणजे ग्रीक, धम्मदेवाचा मुलगा इंद्राग्निदत्त. आधी दिशा, मग गाव, मग जात, बाप, शेवटी नाव. परक्या गावी कुणी विचारलं तर माणूस ओळख देतो तशी. लेणं, आतलं चैत्यगृह आणि पाण्याच्या टाक्या त्यानं आई-वडिलांच्या नावे कोरवल्या, सोबत मुलगा धम्मरखित होता. 'योणकस' हा शब्द बोटानं हवेत गिरवत शोधा. त्यातला ण म्हणजे न सारखीच उभी काठी, फक्त वरही आडवी रेघ असलेली, आणि त्यापुढे तोच अधिक, आता ओळखीचा झालेला क.