विमानाचं छत आणि डोळ्यातला थेंब

नमस्कार श्रोतेहो. मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, आठवड्याभरात लख्ख दिसू लागतं, कापसाची वेचणी खोळंबलेली असते, आणि थेंबांची बाटली कोनाड्यात जाऊन बसते. त्या बाटलीबद्दल बोलायचंय. पण आधी एका वैमानिकाची गोष्ट ऐका.

साल 1940, दुसरं महायुद्ध. गॉर्डन क्लीव्हर या इंग्रज वैमानिकाच्या विमानाचं छत गोळीबारात फुटलं आणि त्याचे तुकडे डोळ्यांत घुसले. छत काचेचं नव्हतं, पर्स्पेक्स नावाच्या पारदर्शक प्लॅस्टिकचं होतं. एक डोळा गेला. दुसरा वाचला, पण तुकडे आतच राहिले. नेत्रतज्ज्ञ हॅरल्ड रिडले यांनी तो तपासला. आपल्या डोळ्यात ज्वारीचं कुसळ गेलं तरी डोळा लाल होऊन गळतो. इथं प्लॅस्टिक आत रुतलेलं, आणि डोळा शांत! पुढं मोतीबिंदूचं ऑपरेशन पाहणाऱ्या एका विद्यार्थ्यानं त्यांना विचारलं, खराब भिंग काढलंत, त्या जागी दुसरं नाही बसवणार? 29 नोव्हेंबर 1949 ला, लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात, रिडले यांनी त्याच जातीच्या प्लॅस्टिकचं भिंग डोळ्यात बसवलं. तोवर ऑपरेशननंतर जाड भिंगांचा चष्माच लागायचा. आपल्या आजोबांच्या नाकावरचा तो चष्मा आठवत असेल तुम्हाला.

पण रिडले यांच्या सुरुवातीच्या रुग्णांना सुजेनं फार छळलं. आजची भिंगं चांगली आहेत, तरी डोळ्याला छेद दिला की आत थोडी सूज येतेच. बाहेरून डोळा पांढरा दिसतो, आतली सूज आरशात दिसत नाही. म्हणून थेंब.

प्रेडनिसोलोनसारखं स्टिरॉइड बहुधा पहिल्या आठवड्यात दिवसातून सहा वेळा, मग दर आठवड्याला एक वेळ कमी, असं सहा आठवडे देतात. तुमच्या चिठ्ठीवर वेगळं असेल तर चिठ्ठी खरी. एकदम बंद केलं तर सूज उलटते. मनानं चालू ठेवलं तर डोळ्यातला दाब वाढू शकतो. पुन्हा सांगतो, एकदम बंद नाही, मनानं चालूही नाही. नेपाफेनॅकसारखं दुसरं औषध पडद्याची सूज रोखतं. ती महिना-दीड महिन्यानंतरही येऊ शकते. साखरेच्या रुग्णांनी तर एकही वेळ चुकवू नये.

हात साबणानं धुवा. दुधट औषध असेल तर बाटली नीट हलवा, नाहीतर औषध तळाशी आणि डोळ्यात नुसतं पाणी. खालची पापणी ओढा, एकच थेंब टाका. डोळ्यात त्याहून जास्त मावत नाही. बाटलीचं टोक पापणीला लागू देऊ नका. डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटं हलकेच दाबा. दुसरं औषध पाच मिनिटांनी, आधी टाकलं तर पहिलं वाहून जातं. उघडलेली बाटली महिन्यानं फेका, शेजाऱ्याला देऊ नका.

आणि औषध कंपन्यांना एक कळकळीची विनंती. ज्याला नीट दिसतच नाही, त्याच्या बाटलीवर मुंगीएवढी अक्षरं, तीही इंग्रजीत? मोठ्या अक्षरांत मराठी छापा. तोवर नातवंडांनी बाटल्यांना लाल आणि निळा दोरा बांधून द्यावा.

ठणका वाढला, लाली वाढली, पू आला किंवा दिसणं कमी झालं, तर बाजाराच्या दिवसाची वाट पाहू नका. त्याच दिवशी, रात्र झाली तरी, ऑपरेशन झालं त्या दवाखान्यात जा.