इम्प्लांट आहे? मग मॅमोग्राफीच्या आधी सांगा

नमस्कार मैत्रिणींनो. आज ज्या विषयावर बोलणारे तो बायका एकमेकींतसुद्धा दबक्या आवाजात बोलतात. स्तनात इम्प्लांट बसवलंय, सिलिकॉनचं असेल नाहीतर सलाईनचं, आणि आता चाळिशी ओलांडलीये, तर मॅमोग्राफी, म्हणजे कॅन्सर शोधायला काढतात तो स्तनाचा एक्स-रे, करायची का?

करायची. इम्प्लांट नसलेल्या बाईला जेवढ्या वेळाने सांगतात तेवढ्याच वेळाने. इम्प्लांटमुळे स्तनाचा कॅन्सर होतो असं नाहीये, पण म्हणून तो होणारच नाही असंही नाही ना, स्तनाचा स्वतःचा भाग तिथेच असतो.

मी मॅमोग्राफीच्या मशीनवर काम करते. एकदा एक ताई आल्या, पहिलाच फोटो स्क्रीनवर आला आणि मधोमध भला मोठा पांढरा गोळा. मी विचारलं, "ताई, इम्प्लांट आहे का हो?" तर त्यांचे डोळेच भरून आले. फॉर्म भरताना शेजारी घरचं माणूस बसलं होतं म्हणून त्यांनी तो रकाना तसाच सोडला होता. मला त्यांचा अजिबात राग आला नाही, वाईट वाटलं, कारण तपासणीच्या खोलीतही बाईला चोरटं वाटावं असं यात काहीच नाही.

आता तो पांढरा गोळा म्हणजे काय तर एक्स-रे इम्प्लांटमधून नीट आरपार जात नाही, त्यामुळे त्याच्या पुढेमागे जे काही असेल ते झाकलं जातं. म्हणून नेहमीचे 4 फोटो पुरत नाहीत, साधारण 8 काढावे लागतात. आधी इम्प्लांटसकट, हलक्याच दाबाने. मग आम्ही हाताने इम्प्लांट हळूहळू मागे छातीकडे सारतो, स्तनाचा भाग पुढे ओढून धरतो आणि फक्त तेवढाच प्लेटमध्ये दाबतो. या पद्धतीला एकलंड म्हणतात, 1988 पासून चालत आलीये. इम्प्लांट स्नायूच्या खाली असेल तर हे सोपं जातं, पण त्याच्याभोवतीचं आवरण कडक झालं असेल तर ते मागे सरकतच नाही, मग जास्तीचे अँगल घ्यावे लागतात.

"फुटेल का हो?" हे तर दर वेळी विचारतात. फुटण्याची शक्यता असते पण फारच कमी, आणि त्या भीतीने तपासणीच टाळली तर त्यात नुकसान जास्त आहे.

खरं तेही सांगते. 2004 साली अमेरिकेत एक मोठा अभ्यास छापून आला, त्यात काहीही त्रास नसलेल्या बायकांमधल्या 100 कॅन्सरपैकी मॅमोग्राफीत इम्प्लांट नसलेल्यांमध्ये साधारण 67 सापडले, इम्प्लांट असलेल्यांमध्ये 45च. पण कॅन्सर सापडला तेव्हा तो किती पुढे गेलेला होता ते बघितलं तर दोन्हीकडे जवळपास सारखंच. तरी रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून हाताला लागलेली नवी गाठ सोडून देऊ नका, सोनोग्राफी किंवा एमआरआय करायचा का ते डॉक्टरांना विचारा.

एक घोळ फार होतो. सिलिकॉनचं इम्प्लांट आतल्या आत फुटलंय का हे बघायला 5-6 वर्षांनी सोनोग्राफी किंवा एमआरआय करायला सांगतात, नंतर दर 2-3 वर्षांनी. ती तपासणी इम्प्लांटची, ती झाली म्हणून मॅमोग्राफी झाली असं धरू नका. आणि बसवून वर्षं उलटल्यावर एक बाजू अचानक सुजली तर लगेच दाखवा, कारण खडबडीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटभोवती क्वचित लिम्फोमा होतो, तो वेगळाच कॅन्सर आहे.

ज्यांचा पूर्ण स्तन काढून इम्प्लांटने नवा केलाय त्यांना त्या बाजूची मॅमोग्राफी सहसा लागत नाही, पण दुसऱ्या बाजूची लागते, आणि नवा केलेल्या बाजूला गाठ किंवा कातडीत बदल दिसला तर तिथेही डॉक्टरांचा हात लागला पाहिजे.

तर फोनवर अपॉइंटमेंट घेतानाच सांगा, "मला इम्प्लांट आहे, तुम्ही ते मागे सारून फोटो काढता ना?" नाही म्हणाले तर दुसरं सेंटर बघा. बसवताना मिळालेलं कार्ड आणि जुने फोटो सोबत घ्या, त्या दिवशी काखेत पावडर-डिओ लावू नका. आणि शेजारच्या माणसासमोर फॉर्म भरायचा नसेल तर राहू दे तो रकाना, आत आल्यावर दार लागलं की आम्हाला तोंडी सांगा.