सेन्सर विकून कंपनी मोठी होत नाही

(ठाण्यात लघुउद्योजकांसमोर झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. विषय दिलाय तो असा : औद्योगिक आणि पर्यावरणीय सेन्सर बनवणारी कंपनी कशी वाढते. फिनलंडच्या वायसाला कंपनीवरून मी तो मांडणार आहे. पण आधी आपल्या अंगणातलं थोडं बोलू द्या. समोर निम्मे वागळे इस्टेटचे आहेत, उरलेले रबाळे, महापे, तुर्भ्याचे. फोर-टू-ट्वेंटी, म्हणजे सेन्सरचा आकडा विद्युतप्रवाहाने पाठवायची रीत, शून्याला चार आणि पूर्ण मापाला वीस मिलिअँप, हे तुम्हाला सांगण्यात वेळ घालवत नाही.

काही वर्षांपूर्वी टीटीसी, म्हणजे ठाणे-बेलापूरच्या औद्योगिक पट्ट्यातल्या एका रसायन कारखान्यात गेलो होतो. नाव घेत नाही. ईटीपीच्या, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या यंत्रणेच्या, शेवटच्या टाकीपाशी पाण्याची आम्लता दाखवणारा पीएच मीटर, डिस्प्लेवर ७.१, म्हणजे जवळपास साधं पाणी. पाणी मात्र पिवळट आणि नाकाला झोंबणारं. मी केबलचा माग काढत गेलो, तर प्रोब, म्हणजे पाण्यात बुडवायची मोजणारी दांडी, टाकीत नव्हताच. भिंतीमागे निळ्या बादलीत, नळाच्या पाण्यात बुडवून ठेवलेला. (हशा) हसताय, म्हणजे बादली तुम्हीही पाहिली आहे! तिथला ऑपरेटर, पन्नाशीचे गृहस्थ, सरळ म्हणाले, "साहेब, टाकीत सोडला की आकडा नाचतो. मग ऑफिसातून फोनवर फोन. मी एकटा काय काय बघू?"

मला त्यांचा राग आला नाही. राग आला तो कपाट उघडल्यावर. बफरच्या, म्हणजे मीटर ताडून पाहायच्या ठरावीक पीएचच्या द्रावणांच्या, बाटल्या होत्या, ४, ७ आणि ९.२ च्या. सील तसंच, मुदत कधीच संपलेली. मीटर बसवून गेलेला पुरवठादार पुन्हा फिरकला नव्हता आणि परचेसने सर्व्हिसची ओळ कोटेशनमधून खोडून टाकली होती. प्रोबच्या काचेच्या गोळीवर तपकिरी थर साचला होता. सौम्य आम्लात ठेवून तो काढला, गाडीतले ताजे बफर आणून प्रोबचा आकडा त्यांच्याशी जुळवून घेतला आणि प्रोब टाकीत सोडला. ४.६! बाहेर सोडायच्या पाण्याचा पीएच ५.५ ते ९ च्या मधे लागतो, हे तुम्हाला माहीत आहे. थोड्या वेळाने आकडा चढला, पुन्हा घसरला. शोधलं तर आम्ल मारायला चुना सोडणारा डोसिंग पंप मधेच अडकत होता. म्हणजे आकडा नाचत होता तो खराच नाचत होता. प्रोब इतके दिवस ओरडून सांगत होता आणि त्यालाच उचलून बादलीत टाकलं.

२०१४ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने जास्त प्रदूषण करणाऱ्या १७ प्रकारच्या उद्योगांना ऑनलाइन मोजणी लावायला सांगितली. चांगलंच झालं. मागणी वाढली, आपल्यापैकी कितीतरी जण त्या लाटेवर उभे राहिले. पण बादलीतला आकडाही तितक्याच वेगाने मंडळाच्या सर्व्हरवर पोचतो.

गॅस डिटेक्टरचं याहून गंभीर आहे. कॅटॅलिटिक सेन्सरमध्ये पेटणारा गॅस एका तापलेल्या मण्यावर जळतो आणि त्यावरून तो ओळखला जातो. हा मणी टाचणीच्या डोक्याएवढा. जवळपास कुणी सिलिकॉनचा स्प्रे मारला, तर तो मणी मरू शकतो. मेल्यावर काय दाखवतो? शून्य. गॅस नसतानाही शून्यच. वायर तुटली तर लूपमध्ये, म्हणजे सर्किटमध्ये, शून्याचे चार मिलिअँपही येत नाहीत आणि पॅनेल बोंब मारतं. इथे मात्र चार मिलिअँप व्यवस्थित येतंय, हिरवा दिवा चालू आहे, आणि खाली माणसं काम करताहेत. हे कळायला एकच उपाय, खरा गॅस दाखवायचा. हवेत मिथेन ५ टक्के झाला की तो पेट घेऊ शकतो. म्हणून अडीच टक्क्यांचा छोटा सिलिंडर न्यायचा, टोपी लावायची, वॉल्व्ह उघडायचा. डिटेक्टरवर ते ५ टक्के म्हणजे शंभर, तेव्हा पन्नासच्या आसपास आकडा यायलाच हवा. काम काही मिनिटांचं. जांभळी नाक्यावरच्या व्यापाऱ्याच्या काट्यावर दरवर्षी वजनमापेवाल्यांचा शिक्का बसतो, कारण तिथे गिऱ्हाइकाचं पाच-दहा ग्रॅमचं नुकसान असतं. इथे जीव आहेत. आणि नाकावर विसंबू नका, हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू १०० पीपीएमच्या, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत शंभर भागांच्या, आसपास गेला की वासच येईनासा होतो.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं, वायसाला.

विल्हो वायसाला हे हवामानशास्त्रज्ञ. १९३१ च्या डिसेंबरमध्ये त्यांनी आपला रेडिओसोंड, म्हणजे हवेतली मापं रेडिओवरून कळवणारं यंत्र, फुग्याला बांधून सोडला, १९३६ मध्ये कंपनी काढली. सुरुवातीचा माल अमेरिकेत एमआयटीला गेला. आता यातली मेख बघा. रेडिओसोंड वर जातो, तापमान, दाब, आर्द्रता कळवतो आणि बहुतेक वेळा परत मिळत नाही. बिघडला म्हणून दुरुस्तीला माणूस पाठवता येत नाही. त्यामुळे प्रत्येक नग कारखान्यातून निघण्याआधीच तपासलेला हवा. कॅलिब्रेशन, म्हणजे आकडा खऱ्या मापाशी ताडून जुळवणं, हा त्यांच्याकडे उत्पादनाचाच भाग झाला, आपल्यासारखा विक्रीनंतरचा त्रास नव्हे.

त्या शिस्तीवर पुढचं सगळं उभं राहिलं. आर्द्रता पूर्वी केसाच्या लांबीवरून मोजत. १९७३ मध्ये त्यांनी पॉलिमरच्या पातळ थराचा ह्युमिकॅप आणला, ओल शोषली की त्याची कपॅसिटन्स, म्हणजे विद्युतभार साठवायची क्षमता, बदलते. तोच सेन्सर फुग्यावरून कारखान्यांत उतरला. त्यांच्या सेन्सरवर बांधलेली दाब आणि आर्द्रतेची उपकरणं २०१२ मध्ये नासाच्या क्युरिऑसिटी या गाडीबरोबर मंगळावर पोचली. तिथेही दुरुस्तीला कोण जाणार?

आपण एलिमेंट, म्हणजे सेन्सरचा प्रत्यक्ष मोजणारा गाभा, बाहेरून आणतो, डबी आपली, आकडा पुढे पाठवणारा ट्रान्समीटर आपला. यात कमीपणा नाही, धंदा असाच सुरू होतो. पण एलिमेंट उद्या कुणीही आणेल. खाडीकाठच्या खाऱ्या हवेत, जुलैच्या दमटपणात त्या एलिमेंटचा आकडा सहा महिन्यांत किती सरकतो, ही माहिती मात्र कुणी आयात करू शकत नाही. म्हणून एकच आग्रह धरतो. सर्व्हिसचा मुलगा साइटवर गेला की आधी झिरो-स्पॅन, म्हणजे शून्य आणि वरचं माप जुळवायचे स्क्रू, फिरवून आकडा जुळवतो आणि मग सर्टिफिकेट लिहितो. हे थांबवा. हात लावण्याआधी सेन्सर काय दाखवत होता, तो 'अ‍ॅज फाउंड' आकडा सीरियल नंबरसकट लिहायला लावा, कितीही वाईट असला तरी. त्या एका रकान्यावरून वॉरंटी किती द्यायची, कुठला एलिमेंट बंद करायचा आणि गिऱ्हाइकाकडे किती महिन्यांनी जायचं, हे ठरवता येतं. माझ्या वह्या मागच्या टेबलावर ठेवल्या आहेत. ज्यांना रकाने उतरवून घ्यायचे असतील त्यांनी चहाच्या वेळात खुशाल घ्या.