लो वूचा पूल

(दृश्य : शेन्झेन नदी, रेल्वेचा पूल)

नदी एवढीशीच. अलीकडे हाँगकाँग, तेव्हा ब्रिटिशांची वसाहत. पलीकडे चीन. युद्धाआधी चीनमधल्या ग्वांगझौहून हाँगकाँगमधल्या कावलूनला जाणारी गाडी थेट याच पुलावरून धावायची. चिनी माणसाला यायला-जायला कसला परवाना लागत नसे.

जपान्यांच्या ताब्यात असताना हाँगकाँग ओस पडलं. ऑगस्ट १९४५मध्ये जेमतेम सहा लाख माणसं उरली होती. जपान हरला आणि लोक परतू लागले. १९४७ संपता संपता वस्ती अठरा लाखांवर गेली. यातले बरेचसे आपल्याच घरी येत होते, हे ध्यानात असू द्या.

(दृश्य : जुनं ओळखपत्र, जवळून)

मग आलं १९४९. चीनमध्ये कम्युनिस्टांची सरशी होत होती. येणाऱ्या गर्दीत हेर असतील, चळवळे असतील, ही गव्हर्नर ग्रँथम यांच्या सरकारची धास्ती. ऑगस्टमध्ये नोंदणीचा कायदा झाला. हे त्या वेळचं ओळखपत्र. साधा कागद, फोटो, अंगठ्याचा ठसा. एवढ्यावर माणूस इथला की बाहेरचा, ते ठरायचं.

(दृश्य : पुलावरून चालणारे प्रवासी, जुनी चित्रफीत)

ऑक्टोबरमध्ये थेट गाड्या बंद. प्रवासी पलीकडे उतरायचे, बोचकी उचलायचे, पूल पायी ओलांडायचे. या टोकाला पोलीस उभे. हो, पोलीसच. येणाऱ्यांची तपासणी हे त्यांचंच काम होतं. इमिग्रेशनचं वेगळं खातं निघायला १९६१ उजाडलं.

मे १९५०पासून कोटा लागू झाला. जितके बाहेर जातील, साधारण तितकेच आत. कारण सुरक्षेचं सांगायचं आणि दारात डोकी मोजायची, असा हा कारभार. फेब्रुवारी १९५६मध्ये कोटा उठवून पाहिला, तर सात महिन्यांत छप्पन्न हजार माणसं आली. सप्टेंबरमध्ये दार पुन्हा लोटलं.

(दृश्य : टेकडीवरची चौकी, तिथून दिसणारी नदी)

या चौक्या पोलीस आयुक्त डंकन मॅकिंटॉश यांच्या काळातल्या. १९४९ ते १९५३ या वर्षांत अशा सात बांधल्या, सगळ्या उंचावर. इथे उभं राहिलं की जागा निवडणाऱ्याची नजर कळते. खालची शेतं, बांध, नदीचं वळणन् वळण दिसतं.

तरीही माणसं येतच राहिली, रात्री होड्यांतून, मकाऊमार्गे. त्यांच्या झोपड्या डोंगरउतारांवर चढत गेल्या. २५ डिसेंबर १९५३च्या रात्री शेक किप मेई या अशाच एका झोपडपट्टीला आग लागली. सुमारे त्रेपन्न हजार लोक बेघर झाले.

(दृश्य : कुंपण, प्रवेशबंदीची पाटी)

१९५१मध्ये सरहद्दीलगतचा पट्टा प्रवेशबंद केला होता. पुढे वाढत वाढत तो अठ्ठावीसशे हेक्टरांच्या घरात गेला. २०१२पासून त्यातला बराच भाग टप्प्याटप्प्याने मोकळा केला. चारशे हेक्टर अजून बंद आहेत. तिथे जायला आजही परवाना लागतो, आणि तो पोलीसच देतात.